मागच्या सीटचे पट्टे

चित्रानं लाल लोकरीचा धागा ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, काचेवर चिकटवला आणि फुंकर मारून पाहिला. लोकर आईच्या स्वेटरची. वारा वाकडा लागला की धागा वाकडा होतो. क्लबातलं हे एकमेव उपकरण, जे कधी दुरुस्तीला जात नाही. दुसरं उपकरण नवं होतं. वेग फार कमी होऊन पंख हवा सोडायच्या बेतात आले की ते पिपाणीसारखं वाजायचं. मग लगेच नाक खाली घालायचं, नाहीतर जमीन आपणहून भेटायला येते.

मागच्या सीटवर तिचे बाबा, नीलकंठराव, बसले. रायपूरच्या या क्लबात निम्म्या लोकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं. "कानानं नाही, बुडानं उडवा," हे त्यांचं वचन पोरं समता कॉलनीतल्या चहाच्या टपरीवरही एकमेकांना ऐकवत. पिपाणीच्या आधी सीटखाली कळलं पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला गेला होता. अलीकडे बाबा ते जरा जास्तच म्हणत होते.

दुसऱ्या शिक्षकानं, शिशिरनं, चित्राला एकटीनं उडायची परवानगी कालच दिली होती. एकटं उडण्याआधी एक फेरी बाबांबरोबर मारायची, ही क्लबाची रीत.

चांगल्या उंचीवर तिनं दांडा मागे ओढून विमानाचं नाक वर उचललं. वाऱ्याचा आवाज विरला आणि पिपाणी वाजली. शिकणारा चुकला तर मागच्यानं लगेच सांगायचं, असा नियम. चित्रा मुद्दाम चुकली. दांडा तसाच धरून ती वाट पाहत राहिली. पिपाणी वाजतच होती. विमान थरथरलं, तेव्हा कुठे मागून आवाज आला, नेहमीसारखा शांत.

"नाक खाली, बेटा."

तिनं दांडा पुढे ढकलला. पंखांनी हवा पुन्हा धरली. मग तिनं विमान मैदानावर उतरवलं.

विमान थांबल्यावर बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाजली होती काय?"

"हव." चित्रानं मान वळवली नाही. "काफी देर से, बाबा."

"तू मुद्दाम थांबली."

"हव."

ते धाग्याकडे पाहत राहिले.

"तुझी आई कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मले सांगत नाही आजकाल. मले वाटलं, मान वाढला आपला."

चित्रा हसली नाही. तिनं हात मागे नेला. त्यांनी तो धरला.

"जमिनीजवळ असतो, अन् पुढच्या सीटवर कोणाचं नवं पोट्टं असतं तर..."

"बाबा."

"नाही. बरं केलं तू."

ते उतरले, शिशिरपाशी जाऊन मागच्या सीटबद्दल थोडं बोलले. शिशिर आधी जमिनीकडे पाहत राहिला, मग त्यानं होकारार्थी मान हलवली. बाबा परत आले आणि मागच्या सीटचे पट्टे बांधायला लागले. विमानात एकटाच माणूस असला की ते मोकळे सोडत नाहीत, दांड्यात अडकतात. हे काम पोरांचं. आज त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. गाठ मारली, ओढून पाहिली, सोडून पुन्हा मारली. शाळेत जाताना तिच्या रिबिनी ते अशाच बांधायचे, आणि आई त्या परत सोडायची.

"हलकं लागंल विमान. घाबरू नको."

"और बुडाचं?"

"ते सोड. पिपाणी ऐक."

दोरानं विमान वर ओढलं, मग दोर सुटून खाली आला. बाबा मान वर करून उभे राहिले. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. मैदानावर कोणालाच नाही.