पाटावरचा फिल्टर

मी एक जुना कॅनिस्टर फिल्टर आहे. मित्रांनो, बीड जिल्ह्यातलं पाणी निर्मळ करावं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. जिल्ह्यातलं म्हणजे दिंद्रुडच्या बाजूच्या एका गावातलं. गावातलं म्हणजे तिथल्या सहकारी दूध संस्थेच्या कार्यालयातलं, आणि कार्यालयातलं म्हणजे चेअरमनसाहेबांच्या टेबलाशेजारी ठेवलेल्या काचेच्या पेटीतलं. त्या पेटीत एक कासव होतं. मी स्वच्छ केलेल्या पाण्यात ते जेवायचं आणि त्याच पाण्यात घाण करायचं. मग मी ते पुन्हा स्वच्छ करायचो.

माझं रूप सांगतो. बादलीएवढा काळा डबा, झाकणाला चार खिट्या, झाकणातच एक लहानशी मोटार. माझ्या पोटात जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक तीन कप्पे. खालच्यात जाड स्पंज, मधल्यात बारीक स्पंज, आणि वरच्यात चिनी मातीच्या कड्या, थेट शेंगोळ्यांसारख्या. एका नळीने घाण पाणी माझ्यात उतरतं, दुसऱ्या नळीने स्वच्छ होऊन वर जातं. स्पंज कचरा अडवतो, हे कुणालाही दिसतं. पण खरं काम त्या कड्यांवर वाढणारे जिवाणू करतात. कासवाच्या मुतातलं विष तेच पचवतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांचा हारतुरा कधी होत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. जनावरं चारा छावणीला गेली होती आणि संस्थेचं दूध संकलन चार हजार लिटरवरून सातशेवर आलं होतं. चेअरमन सुंदररावांना सगळा गाव आप्पा म्हणतो. आप्पांनी यावर गांभीर्याने विचार केला आणि वास्तुशास्त्राप्रमाणे उत्तर दिशेला कासव ठेवायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात ते सहकार प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. येताना जीपमध्ये प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, लाल कानाचं एक परदेशी कासव, त्याची दीडशे लिटरची पेटी आणि मी, असे सगळे होतो.

माझं उद्घाटन झालं. मला हळदीकुंकू लावलं, हार घातला, माझ्यासमोर नारळ फोडला. त्या गर्दीत दाराशी चहाचा ट्रे घेऊन वच्छलाबाई उभ्या होत्या. संस्थेत झाडलोट करणं, दुधाचे कॅन धुणं आणि येईल त्याला चहा देणं ही त्यांची कामं. अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या.

आप्पा म्हणाले, "बाई, ह्ये कासव जगव. सभेत ठराव घेऊन तुला कायम करतो."

"कोणत्या सभेत, आप्पा?"

"ह्याच वर्षीच्या."

आधीच्या आश्वासनांना साल नव्हतं, म्हणून बाईंनी विचारून घेतलं. तेव्हापासून त्या कासवाच्या जिवाला त्यांचा जीव बांधला गेला.

मित्रांनो, आता माझ्यावरच्या पहिल्या संकटाकडे वळतो. मला पेटीच्या खाली ठेवावं लागतं. पाणी आपल्या वजनाने माझ्यात उतरलं, तरच माझी मोटार ते वर ढकलू शकते. पण ज्या वस्तूची पूजा झाली ती पायाशी कशी ठेवायची? सेक्रेटरी माणिकरावांनी मला लोखंडी कपाटावर चढवलं, आप्पांच्या सत्काराच्या फोटोशेजारी. बटण दाबलं. माझ्यात थेंबभर पाणी नव्हतं. मी तीन दिवस कोरडाच गुरगुरत राहिलो. माणिकराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आवाज ऐका. परदेशी मशीन हाय."

चौथ्या दिवशी वच्छलाबाईंनी राधाकिशनला बोलावून आणलं. हा विहिरीच्या जळालेल्या मोटारींची तार भरून देणारा माणूस. विहिरी आटल्यामुळे त्याला वेळच वेळ होता. त्याने मला हात लावून पाहिलं.

"मावशी, ह्याला हवा धरली. हिरीत उतरवायची मोटार तुमी माडीवर बसवली."

"मी न्हाई बसवली. साहेबांनी बसवली."

माणिकराव म्हणाले, "ए राधाकिशन, हळदकुंकू वाहिलंय त्याला. खाली कसं ठिवायचं बे?"

"मग वरच ठिवा अन् रोज हार घाला. पानी काय यायचं न्हाई."

बराच खल झाला. शेवटी वच्छलाबाईंनी घरून पाट आणला. जमिनीवर पाट, पाटावर धुतलेलं फडकं आणि फडक्यावर मी. मान राहिला आणि उतारही मिळाला. राधाकिशनने नळीत पाणी भरलं, हवा काढली, खिट्या लावल्या. पाणी माझ्यात उतरलं. कोरडं चालल्यामुळे मोटारीतली फिरती चाती थोडी घासली होती, ती घरघर मला कायमची लागली. पण मी चालू लागलो.

माझी निगा राखायची कशी, याचं पुस्तक इंग्रजीत होतं. माणिकरावांनी ते फाइल करून कपाटात ठेवलं. वच्छलाबाईंनी मला पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांच्याजवळ धुवायला पाणीच नव्हतं. गावात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. मग त्यांनी पेटीतलंच पाणी बादलीत काढलं, त्यात स्पंज पिळले, कड्या नुसत्या हिसळल्या आणि परत ठेवल्या. मित्रांनो, इंग्रजी पुस्तकात नेमकं हेच लिहिलेलं होतं. नळाच्या पाण्यातली औषधं माझ्या जिवाणूंना मारतात. दुष्काळाने त्या वर्षी केलेलं बरं काम मला एवढंच आठवतं.

कड्यांवरचा तपकिरी बुळबुळीत थर पाहून राधाकिशन म्हणाला, "मावशी, ह्ये घासा की."

"न्हाई रे. ताकाच्या मडक्याला असंच असतंय आतून. खरडलं की इरजण जातंय."

अकरा वर्षं दुधात राहिलेल्या बाईंना माझं पोट कळलं. दर आठवड्याला त्या मला उघडायच्या. झाकणाच्या रबरी रिंगेला भेगा जाऊ नयेत म्हणून व्हॅसलीनचं बोट फिरवायच्या. ती डबी त्यांच्या टाचांसाठी होती. काढलेलं घाण पाणी बाहेरच्या लिंबाच्या रोपाला घालायच्या. वृक्षारोपणातलं तेवढं एकच रोप जगलं.

चार महिने माझं कौतुक झालं. टँकरच्या रांगेतली माणसं कळशा खाली ठेवून खिडकीतून पाहायची. पाणी काचेसारखं, आणि त्यात कासव पाय पसरून पोहत असायचं.

"कुणाच्या वशिल्यानं लागलं असंल बे ह्ये?"

"पुढल्या जल्मी आपुन बी अर्ज करू."

मग वार्षिक सभेची तारीख निघाली. उपनिबंधक कार्यालयाचे साहेब येणार होते. माणिकरावांनी स्वच्छता पंधरवडा जाहीर केला आणि त्यासाठी खास टँकर मंजूर करून आणला. मित्रांनो, त्या वर्षात पहिल्यांदाच संस्थेत पाणीच पाणी झालं, आणि तिथूनच माझं वाईट सुरू झालं.

दूध संस्थेत एक नियम असतो. ज्या भांड्यात ओलावा, ते भांडं सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचं, वास राहता कामा नये. नियम चांगलाच आहे. माणिकरावांनी कॅनची रांग लावली आणि रांगेच्या शेवटी मला ठेवलं.

"साहेब, ह्याला सोडा नगं. आतलं इरजण मरंल."

"बाई, ह्ये मशीन हाय का दही? झाकण उघडून बघितलं मी. गटार हाय आत. साहेबांनी उघडलं म्हंजी?"

"साहेब कावून उघडतील?"

"तपासणी म्हंजी तपासणी. धुवा."

बाई रोजंदारीवर होत्या. त्यांनी मला धुतलं. कड्या उकळत्या सोड्यात टाकल्या, त्या काढल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र होत्या. पेटीतलं सगळं पाणी उपसून टँकरचं औषध मारलेलं पाणी भरलं. त्या दिवशी पेटी इतकी चकचकीत दिसत होती की माणिकरावांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला.

मी मात्र आतून रिकामा झालो होतो. पाणी माझ्यातून जात होतं आणि जसं यायचं तसंच परत जात होतं. चौथ्या दिवशी पाण्याला उग्र वास सुटला. सहाव्या दिवशी कासवाचे डोळे सुजून मिटले. आठव्या दिवशी त्याने खाणं सोडलं. वच्छलाबाई माणिकरावांकडे गेल्या.

"साहेब, निम्मं तरी पानी बदलू द्या."

"आता कुठलं? टाकी पाव्हण्यांच्या सैपाकासाठी राखून ठिवली. कुलूप घातलंय."

"एक दोन घागरी."

"सभा झाली की पेटीभर घ्या. मी नगं म्हणलो का?"

दुसऱ्या दिवसापासून बाई घरच्या वाट्यातली एक कळशी आणू लागल्या. दीडशे लिटरच्या पेटीत एक कळशी. मला ती नळीतून उतरताना कळायची, थोडीशी गार. मग परत तेच पाणी. मी घरघरत राहिलो. माझ्याने दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

कासव शुक्रवारी दुपारी मेलं. सभा रविवारी होती.

वच्छलाबाईंनी ते पाहिलं. कुणाला हाक मारली नाही. त्यांनी हात घालून कासव पेटीतल्या दगडावर नीट बसवलं, मान थोडी पुढे काढून ठेवली आणि वरचा दिवा लावला. मग पेटीवर दोन उदबत्त्या लावल्या. कासव हा प्राणी असाच असतो, तो बसला की बसलेला दिसतो. आणि वासाचं म्हणाल, तर नासलेल्या दुधामुळे आमच्या कार्यालयात वासाबद्दल कुणी बोलत नसे.

रविवारी अकरा वाजता सभा सुरू झाली आणि गणपूर्तीअभावी तहकूब झाली. अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा सुरू झाली, तेव्हा नियमाप्रमाणे गणपूर्तीची गरज उरली नव्हती. उपनिबंधक कार्यालयाच्या साहेबांनी पेटीपाशी येऊन वाकून पाहिलं.

"लई शांत जनावर आहे."

"ध्यानाला बसतंय, साहेब," आप्पा म्हणाले. "सकाळपासून हललं न्हाई."

बाई ट्रे घेऊन दाराशीच होत्या. विषय क्रमांक नऊ आला. माणिकरावांनी वाचलं, "संस्थेच्या रोजंदारी कर्मचारी वच्छलाबाई यांना कासव संगोपन या कामी, सदर कासव हयात असेपर्यंत, कायम करण्यात यावे. सूचक सुंदरराव. अनुमोदक..."

"मी," राधाकिशनने हात वर केला. संस्थेचा सभासद म्हणून तो मावशीसाठी मुद्दाम सकाळपासून बसून होता.

"कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या आणि माणसं जेवायला उठली. कार्यालय रिकामं झाल्यावर बाई आप्पांजवळ आल्या.

"आप्पा, ते 'हयात असेपर्यंत' कावून घातलं?"

"माणिकरावांनी घातलं. पद कशासाठी, असं वरून विचारत्यात. काही तरी कारण लिहावं लागतंय. चांगलं धडधाकट हाय की कासव. तुझ्या पोरांच्या लग्नापर्यंत जगंल."

"त्ये परवाच गेलं, आप्पा."

आप्पांनी पेटीकडे पाहिलं. काचेवर बोटाने टकटक केलं.

"मग तू बोलली कावून न्हाईस?"

"मला वाटलं, कायम म्हंजी कायम."

आप्पांनी माणिकरावांना बोलावलं. ठराव बदलता येईल का, असं विचारलं. माणिकराव म्हणाले, प्रोसिडिंग लिहून झालंय, साहेबांची सही झालीय, आता जे काय ते पुढच्या सभेत. मग त्यांनी हिशेब करून सांगितलं की ठराव झाला तेव्हा पदाची मुदत संपून दोन दिवस झाले होते.

मला पाटावरून उचलून कोठीत ठेवलं, रिकाम्या कॅनच्या मागे. पाट बाई घरी घेऊन गेल्या. माझी रबरी रिंग आता सुकून फाटली आहे आणि मोटारीत कोळ्याने घर केलं आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला पेटीच्या खाली ठेवा. त्याला त्याच्याच पाण्यात हिसळा. त्याच्या पोटातली घाण पाहून एकदम घाबरून जाऊ नका, त्यातली काही घाण कामाची असते. आणि ज्याने त्याची निगा राखली, त्याला एकदा विचारा की काय धुवायचं आणि काय नाही. एवढंच माझं मागणं आहे. ते ऐकायला कोठीत फारसं कुणी येत नाही.

सोमवारी वच्छलाबाई आठ वाजता रोजावर आल्या आणि कॅन धुवायला बसल्या.