सहावा टप्पा

ताई दातांची डॉक्टर. पेशंटच्या तोंडात हात असतानाही तिचं तोंड बंद नसायचं, तर कड्यावर कुठून असणार! धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, वेल्डिंगच्या शेडमध्ये ग्रील आणि फाटकं बनवायची. दोघींना कड्यांचं वेड लावलं वडिलांनी. वडील गेले, तसा दोर ताईच्या हातात आला आणि बॅग धाकटीच्या पाठीवर. बारा वर्षं ती बॅग काही खाली उतरली नाही.

यंदा दोघी चढत होत्या त्या ग्रॅनाइटच्या कड्यावर नुसत्या हातापायांनी चढता येत नाही. फटीत खिळा ठोकायचा, नाहीतर गव्हाच्या दाण्याएवढ्या कडेवर पोलादी हुक टेकवायचा. त्याला पट्ट्यांची शिडी टांगायची, तिच्यावर उभं राहायचं आणि श्वास रोखून पुढची जागा शोधायची. असे आठ टप्पे. एकीने पुढे चढायचं, दुसरीने खाली दोर धरायचा, मग दोरावरून वर येताना सगळं लोखंड काढत यायचं. हे दुसरं काम कायम धाकटीचं.

या खेपेला वेगळं झालं ते गिर्यारोहण क्लबच्या सरांमुळे. पुढच्या वर्षीच्या मोठ्या मोहिमेसाठी त्यांनी धाकटीला विचारलं होतं. ताईला नाही. ताई त्यावर चकार शब्द बोलली नव्हती, आणि तेच धाकटीला खटकत होतं.

चढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या टप्प्याच्या पायथ्याशी, हातभर रुंद कट्ट्यावर दोघी बसल्या होत्या. ताई खिळे आणि हुक हारात ओवत होती. एकाएकी म्हणाली, "हा टप्पा तू घे."

"मी?"

"मोहिमेवाली ना तू? मग दाखव की."

सगळ्यात अवघड टप्पा तोच होता. वरच्या वीस फुटांत फट नाही, खिळा नाही, नुसते हुक. धाकटीने लोखंडाचा हार गळ्यात अडकवला आणि निघाली.

चार तास झाले. खालून ताईचं चालूच होतं. "अगं, ग्रील नाहीये ती, वेल्डिंग करत बसायला! माझी म्हातारी पेशंट कवळी लावून यापेक्षा लवकर चढेल." धाकटी खिळे ठोकत राहिली. शेवटचा खिळा मागे पडला. एक हुक, दुसरा हुक, तिसरा. चौथ्याला कड इतकी बारीक होती, की तिथे एकच हुक बसला असता. तिने स्वतः शेडमध्ये स्प्रिंगच्या पोलादातून घासून काढलेला, अगदी नखाएवढा. तिने हार चाचपला. दोनदा चाचपला.

"ताई, माझा छोटा हुक खाली राहिलाय का?"

"राहिला नाहीये. माझ्या खिशात आहे."

धाकटीला आधी नीट कळलंच नाही. सामान ओढायचा बारीक दोर तिच्या कमरेपासून ताईपर्यंत लोंबत होता. "बांध ना त्याला. मी ओढून घेते."

"बांधते की. आधी म्हण, मला जमत नाही."

"ताई, हुक हलतोय माझा."

"मग लवकर म्हण. आणि सरांनाही जाऊन सांग, की ताईशिवाय मला जमत नाही."

तीन शब्द म्हटले असते, तर हुक वर आला असता. ते तीन शब्द ती म्हणेना. तिने हातातला मोठा हुक त्या बारीक कडेवर टेकवला, त्यावर हळूहळू भार दिला आणि तो सटकला.

खालचे हुक एकामागून एक निखळले. खिळ्याने धरलं, दोर ताणला. ताईने दोर मात्र नीट धरला होता. पण तोवर धाकटीचा डावा हात कट्ट्याच्या काठावर आपटला होता. मनगट भलतीकडेच वळलं.

ताईने ते पट्टीने आवळून बांधलं. हात सफाईदार होते, चेहरा पांढरा पडला होता. तोंड तरीही चालूच. "हट्ट केलास. एवढंसं म्हणायला काय जात होतं?" खालचे टप्पे कड्याच्या पोटातून आत वळलेले, एका हाताने उतरणं कठीण. माथा तीनच टप्प्यांवर होता, आणि तिथून पायवाट. "मी चढते. उजव्या हाताने दोर धरशील?"

"धरीन."

ताई चढली. खिळा ओलांडला. एक हुक, दोन, तीन. मग तिने खिशातून धाकटीचा तो छोटा हुक काढला आणि त्याच बारीक कडेवर टेकवला. त्याच्यावर उभी राहिली, आणि तिथेच अडकली. पुढची जागा सापडेना.

"धरलंयस ना गं?"

धाकटीने दोर घट्ट धरला होता. ती बोलली नाही.

"ए, धरलंयस ना? हात दुखतोय का? बोल ना!"

वारा नव्हता. ताईचा श्वाससुद्धा खाली ऐकू येत होता.

"बाळा, बोल गं. मी पडले तर कट्ट्यावर आदळेन. चुकलं माझं, ऐकतेयस का? चुकलं म्हणते ना!"

धाकटीने वर बघितलं. ताईच्या बुटांची टोकं शिडीत लटपटत होती. मनगटातून कळा येत होत्या, आणि तरी कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटत होतं. तिने ओठ मिटून घेतले. ताई रडायला लागली, नाक ओढत, लहान मुलीसारखी, आणि रडत रडतच तिने वरची कड शोधली. पाऊण तास लागला. धाकटीने तेवढा वेळ एक शब्द उच्चारला नाही आणि दोर एक वीतही सैल सोडला नाही.

संध्याकाळच्या आत दोघी माथ्यावर पोचल्या. शेवटच्या टप्प्यावर धाकटी दोरावरून एका हाताने वर येताना दोनदा ओकली.

घरी आईने विचारलं, "कसं झालं गं हे?" कड्यावरून आल्यावर जेवताना धाकटीच्या भित्रेपणाच्या गोष्टी रंगवून सांगायची ताईला सवय होती. त्या दिवशी ती ताटाकडे बघत राहिली. धाकटी म्हणाली, "पडले."

तीन आठवड्यांनी ताई शेडमध्ये आली. धाकटी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून उजव्या हाताने फाटकाला रंग देत होती.

"तुला ऐकू येत होतं."

"शब्द न् शब्द."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीने ब्रश डब्यात बुडवला. "तुला तसं बघायचं होतं."

ताई उभी राहिली. मग पर्स सावरत निघून गेली. धाकटीला वाटलं होतं, की निदान आता तरी आपल्याला आपली लाज वाटेल. तिने वाट पाहिली. रंगाचा दुसरा हात होईपर्यंतही वाटली नाही.

मनगट वाकडंच जुळलं. सरांनी मोहिमेवर दुसऱ्या मुलीला नेलं. ताईने दोर, हुक, खिळे सगळं पोत्यात भरून आईच्या माळ्यावर टाकलं आणि पुन्हा कड्याचं नाव काढलं नाही. रविवारी आईकडे दोघी समोरासमोर बसून जेवतात. ताई आता मीठ हवं असलं तरी आईकडे मागते.