दुसऱ्याच्या पायांवर बोललेला नवस

मारुतीरावांना लाज फार वाटायची. लाज वाटणं वाईट नाही. पण त्यांची लाज नेहमी भलत्याच दारात जाऊन उभी राहायची, आणि जिथं तिनं जायला हवं होतं तिथं ती पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

बेळगावजवळच्या एका खेड्यात, भातशेती करणाऱ्या घरात त्यांचा जन्म. मॅट्रिक झाले, निपाणीत एका विलायती तंबाखू कंपनीच्या वखारीत कारकून म्हणून चिकटले आणि चढत चढत पेटन साहेबाचा उजवा हात झाले. मग कंपनीच्या बेळगावच्या कचेरीत आले आणि तिथं टिळकवाडीत बंगला बांधला. जाळीचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर टोले देणारं घड्याळ. या सगळ्या थाटात एकच गोष्ट गावाकडची राहून गेली होती, ती म्हणजे त्यांची बायको नागुबाई. असं ते कधी बोलून दाखवत नसत, पण चारचौघांत ती बोलायला लागली की हे छताकडे बघत बसायचे.

ज्या वर्षी लंडनला नव्या राजाला मुकुट चढवायचा होता, त्या वर्षीची गोष्ट. पेटन साहेब रजेवर घरी निघाला होता. त्यानं मारुतीरावांना बोलावून सांगितलं की, या वसंतात तुम्ही दोघं नवराबायको लंडनला या, आमची कचेरी बघा, शहर बघा, सगळं कंपनीकडून. ‘दोघं’ हा शब्द साहेबानंच काढला होता. मारुतीरावांच्या तोंडी तो आला नसता.

झालं, तयारी सुरू झाली. मारुतीरावांनी लंडनचा नकाशा मिळवला. रोज दिवेलागणीला तो टेबलावर पसरायचा आणि बायकोला नदी, पूल, राजवाडा, बागा दाखवायच्या, असा क्रम पडला. नागुबाई हनुवटीला हात लावून ऐकायची. तिला भीती अशी वाटतच नव्हती. चुलतबहिणीच्या लग्नाला चिकोडीला निघावं, तशी ती लंडनला निघाली होती. तिथं शेगडी कोळशाची की लाकडाची, नऊवारी लुगडं वाळत घालायला दोरी बांधू देतात का, असलं ती विचारायची. राजाच्या बायकोची गाठ पडली तर मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून शहापूरच्या विणकराकडून तिनं एक अंजिरी खणही आणून ठेवला होता.

“बर्फ पडत असंल का ओ तवा?” तिनं एकदा विचारलं.

“चैत्रात न्हाय पडत. झाडास्नी फुलं असत्यात.”

“परड्यातल्या कैऱ्या टाकून जायचं म्हंजे फुलं बी तशीच असाय पायजेत,” ती म्हणाली आणि पुन्हा चटणी कुटायला गेली.

मारुतीरावांनी तिला बरंच शिकवलं. कप कसा धरायचा, चमचा कुठं ठेवायचा, रुमाल कशाला असतो. आणि कॅम्पातल्या दुकानातून काळे बूट शिवून आणले. जन्मात चप्पल सोडून दुसरं काही पायात न घातलेली बाई. पहिल्या दिवशी तुळशीपाशी पडली आणि तिथंच बसून पोट धरून हसली. पण जिद्दीची होती. बुटांना खोबरेल चोळून मऊ केलं, अंगणात फेऱ्या मारल्या. महिनाभरात अशी टाकटूक चालायला लागली की गावाहून धाकट्या जावेला, अंजनीला, मुद्दाम बघायला बोलावून घेतलं. अंजनी म्हणाली, आक्का, तू मडमच झालीस की.

निघण्याआधी साहेबाच्या बंगल्यावर चहा ठेवला होता. ही म्हणजे नागुबाईची परीक्षाच, असं मारुतीरावांनी मनाशी धरलं होतं. कंपनीचे वकील आले होते, त्यांची पुण्यात शिकलेली बायको शालूबाई आली होती. मारुतीराव पुढं होऊन हात मिळवत दिवाणखान्यात शिरले. मागून नागुबाई आली ती अनवाणी.

बूट तिनं पायरीपाशी काढून, जोड नीट लावून ठेवले होते. दुसऱ्याच्या घरात पायतान घालून जायचं असतं का? कप, चमचा, रुमाल सगळं शिकवणाऱ्या नवऱ्यानं एवढं एकच सांगितलं नव्हतं. साहेबाच्या घरात बूट घालून वावरायची त्यांना स्वतःला इतकी सवय झाली होती की, ही सांगायची गोष्ट आहे हेच ते विसरले होते. चूक कुणाची, ते उघड होतं.

गालिच्यावर तिची जोडवी वाजली. शेतातल्या चिखलानं लहानपणीच फुटलेल्या टाचा, त्या भेगा, सगळ्यांना दिसल्या. शालूबाईंनी रुमाल तोंडाला लावला. साहेबाच्या मडमेनं इंग्रजीत, अगदी साध्या मनानं, विचारलं की तुमच्या पत्नीच्या पायांत काही कसं नाही?

मारुतीरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. आणि तोंडातून निघून गेलं की, तिचा नवस आहे. आमच्या गावच्या लक्ष्मीची यात्रा होईपर्यंत पायात काही घालायचं नाही, असं ती देवीला बोलली आहे.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर आदर आला. साहेब तर खुर्चीतून उठून उभा राहिला. नागुबाईला इंग्रजी कळत नव्हतं. आपल्याकडे बघून लोक मान लववतात म्हणताना तिनंही हात जोडले.

पण बाहेर ते बूट होते. मारुतीराव काही निमित्त काढून उठले, पायरीवरचे बूट कोटाखाली लपवले आणि टांग्यात नेऊन टाकले. परतताना नागुबाई बूट शोधायला लागली तर म्हणाले, मी ठेवलेत गाडीत, चल. ती थबकली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपलं पायतान हातानं उचललं, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की टांग्यात ती वाटभर बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी, अजून मुक्कामाला असलेल्या अंजनीला मात्र दोनदा सांगितलं. मारुतीरावांनी ते आतल्या खोलीतून ऐकलं.

इथंही थांबता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबानं विचारलं की लंडनच्या गारठ्यात अनवाणी बाईंचं कसं व्हायचं? मारुतीरावांच्या डोळ्यापुढं शालूबाईंचा रुमाल आला, तसले लंडनभरचे रुमाल आले. आणि त्यांनी सांगून टाकलं की ती येऊ शकत नाही, मी एकटाच येतो. घरी येऊन बायकोला सांगितलं की कंपनीनं एकच तिकीट मंजूर केलं.

नागुबाईनं टेबलावरच्या नकाशाची घडी घातली. मग म्हणाली, “बरं. चटणी जरा कमी बांधती.”

तिनं त्यांची ट्रंक भरली, गरम कपड्यांना बटणं लावली. स्वतःचे बूट मात्र रोज संध्याकाळी घालून अंगणात फिरायची. घातले नाहीत तर कडक होतील आणि पुढल्या खेपेला चावतील, असं तिचं म्हणणं. ती पुढली खेप ऐकली की मारुतीराव वर्तमानपत्रात डोकं घालायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी फाटकाशी टांगा थांबला आणि मडम उतरली. नागुबाई अंगणातच होती, पायात बूट. पाहुणी बघून तिची धांदल उडाली. आत बोलावताना सवयीनं तिनं पायरीवर बूट काढले आणि अनवाणीच तिला घेऊन आली. मारुतीराव व्हरांड्यात उभे होते. 

मडमेला आयाकडून शिकलेलं मोडकंतोडकं मराठी येत होतं, आणि तेच मारुतीरावांना नडलं. मध्ये दुभाषा व्हायची सोयच राहिली नाही. तिनं पिशवीतून लोकरीचे जाड मोजे काढून नागुबाईच्या मांडीवर ठेवले.

“तुमी लक्ष्मीला वचन दिला, यात्रा होईल तवर पायात बूट नाय. मारुतीराव सांगितला मला,” ती सावकाश, शब्द जुळवत म्हणाली. “पण हे बूट नाय, हे लोकर. मी विणला. लक्ष्मी लोकरला रागावेल? तुमचा तिकीट अजून हाय. या लंडनला.”

नागुबाईनं नवऱ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग असता तर मारुतीरावांना बरं वाटलं असतं. ती नुसती हिशेब जुळल्यासारखं बघत होती: चहाचा दिवस, उभा राहिलेला साहेब, टांग्यातले बूट. विशेषतः टांग्यातले बूट. मग तिनं पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.

“व्हय बाईसाहेब,” ती म्हणाली. “नवस हाय माझा.”

“मग लोकर?”

“लोकर बी पायतानच की. देवीला फसवायचं न्हाय.”

मडमेला वाईट वाटलं, पण तिनं मान डोलावली. जाताना पायरीवरच्या बुटांकडे तिचं लक्ष गेलं, तेव्हा नागुबाई आपणहून म्हणाली की ते आमच्या जावेचे. आणि राणीसाठी आणलेला तो अंजिरी खण काढून तिनं मडमेची ओटी भरली. दोघींचे डोळे पाणावले होते. मारुतीराव खांबाला धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बायकोची नाही, स्वतःची लाज वाटत होती.

टांगा गेल्यावर ते पायरीवरून बूट घेऊन आले आणि तिच्यापुढं ठेवले.

“घाल. कोण बघतंय?”

“अंजनीला देऊन टाकती ते.”

“अगं, त्यो नवस काय खरा हाय व्हय? मी आपलं वेळ मारून नेली.”

“लक्ष्मीचं नाव घेऊन बोललासा न्हवं? आन् उद्या दर्यातनं जाणार तुम्ही.” तिचा आवाज चढला नव्हता. “बोललेला नवस कुणीतरी फेडाय पायजे. सोताच्या पायावर बोलला असतासा तर तुम्ही फेडला असता. माझ्या पायावर बोललासा.”

मारुतीराव लंडनला गेले. नकाशावरची नदी बघितली, पूल बघितला. बागांत खरंच फुलं होती, परड्यातल्या कैऱ्या टाकून बघावी अशी. पेटन साहेब मोठ्या कौतुकानं त्यांना घरोघर नेई आणि प्रत्येक घरी मडम त्यांच्या बायकोच्या नवसाची गोष्ट काढी. लोक थक्क होत, आणखी विचारत. मग मारुतीरावांना तीच थाप पुन्हा सगळी सांगावी लागे, आणि दर खेपेला ती जास्त सुरेख होई. रात्री बायकोनं बांधून दिलेली चटणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

परत आले तेव्हा नागुबाई स्टेशनवर अनवाणी उभी होती. त्यांना वाटलं होतं, मी सुखरूप आलो, आता सोडेल. पण नवस यात्रेपर्यंतचा होता. आणि आमच्याकडची लक्ष्मीची यात्रा ही काही दरवर्षीची नव्हे. गाव ठरवील तेव्हा, कितीतरी वर्षांनी. मारुतीराव पंचांकडे खेटे घालू लागले. त्या वर्षी पीक बुडालं, पुढच्या वर्षी गावात दोन तट पडले, मग लढाई लागली. धान्य रेशनवर गेलं, गावजेवण घालायचं कसं? यात्रा पुढं पुढं जात राहिली. उन्हाळ्यात टिळकवाडीची सडक तव्यासारखी तापायची, पावसाळ्यात चिखल. नागुबाई बाजाराला जायची, देवळाला जायची, लग्नाकार्याला जायची, अनवाणी. तिच्याबरोबर रस्त्यानं चालताना मारुतीरावांच्या बुटांचा आवाज त्यांनाच ऐकवत नसे. तिनं तो विषय कधी काढला नाही. एका शब्दानं टोचलं असतं तरी त्यांची सुटका झाली असती.

लढाई संपल्यावर एका चैत्रात यात्रा एकदाची ठरली. मारुतीराव त्यासाठी इतके झटले की गावात त्यांचं नाव भाविक म्हणून झालं. मिरवणूक निघाली, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झाली, लक्ष्मी माळावरच्या गदगेवर, तिच्या यात्रेच्या ओट्यावर, येऊन बसली. पंच नागोजी आण्णांनी सगळ्या गावासमोर सांगितलं की पहिली ओटी मारुतीच्या घरच्या बाईची. आणि तिला विचारलं की, पोरी, एवढा कडक नवस, मागितलंस तरी काय?

मारुतीरावांना वाटलं, आता बोलावं. सगळ्यांपुढं सांगून टाकावं की हा नवस तिचा नव्हे, माझा. मला हिच्या पायांची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो. शब्द ओठांपर्यंत आले.

“मालक दर्यापारनं सुखरूप यावं म्हणून,” नागुबाई म्हणाली.

बायका हळहळल्या, म्हाताऱ्यांनी मारुतीरावांच्या पाठीवर थाप मारली. नशीबवान हाईस गड्या, असं जो तो म्हणाला. आणि मारुतीरावांनी, काय सांगावं, मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

ओटी भरून ती बाहेर आली. कोल्हापूरहून आणलेली मऊ चामड्याची चप्पल ते उपरण्यात बांधून घेऊन बसले होते. सगळ्यांच्या देखत ते खाली वाकले आणि ती तिच्या पायांपुढं ठेवली. नागुबाईनं पाय घालून बघितला. पाय पसरला होता, बोटं फाकली होती. चप्पल अर्ध्यावरच अडली. तिनं कशीबशी चार पावलं टाकली, मग काढून हातात घेतली.

“चावतीया ओ,” ती म्हणाली, आणि पुढं चालायला लागली.

मारुतीरावांनी आपले बूट काढले. तिच्या मागोमाग ते अनवाणी निघाले. चैत्रातलं दुपारचं ऊन, माळाची खडी. माळाच्या कडेच्या पिंपळापर्यंतही जाणं झालं नाही. पाय उचलून उचलून टाकताना त्यांचे डोळे पाण्यानं भरले. नागुबाईनं वळून बघितलं.

“घाला ते बूट,” ती शांतपणे म्हणाली. “तुमास्नी जमायचं न्हाय.”

आणि मारुतीरावांनी ते घातले.