घरीच असणाऱ्या बाईचा हेडफोन

मी एक हेडफोन बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज तुम्ही माझं ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दोन्ही कानांवर मऊ गाद्या होत्या आणि तोंडाशी ऐटबाज माइक. माझी मालकीण भावाच्या घरी बसून परदेशातल्या एका कंपनीचं काम करायची. लोकांच्या विमानतळावर हरवलेल्या बॅगा शोधून द्यायची. चिडलेला माणूस फोनवर थयथयाट करायचा आणि ही गोडीगुलाबीने त्याला शांत करायची. माझे कान किटायचे, हिचा आवाज चढायचा नाही.

घरात मात्र तिच्या कामाला कुणी काम म्हणतच नव्हतं. तू घरीच आहेस ना, असं म्हणून दादा तिला प्लंबरसाठी दार उघडायला उठवायचा, वहिनी दुधावर लक्ष ठेवायला सांगायची. मला वायरीच्या टोकापर्यंत संताप यायचा.

मग तिला कळलं, की एका देशात आपली नोकरी सोबत नेऊन राहता येतं. फक्त व्हिसा हवा. तिला त्यातलं काय कळणार, असं म्हणत दादाने अर्ज स्वतःच भरला आणि व्यवसायापुढे लिहिलं, ‘घरीच असते’. त्याच्या मनात खोट नव्हती हो, त्याला खरंच तसं वाटायचं. अर्जदार काम करत नाही, असा शेरा मारून अर्ज नामंजूर झाला. त्या दिवशी तिने मला कानाला लावलं, पण पलीकडे कुणीच नव्हतं. ती नुसती रडत होती.

दुसरा अर्ज तिने स्वतः भरला. मुलाखत व्हिडिओवर होती. त्या देशाच्या वकिलातीतल्या अधिकारी बाई मराठीच, पण महा काटेकोर. ऑफिस कुठे, घरात बसून नोकरी होते यावर विश्वास कसा ठेवायचा, सगळं खोदून खोदून विचारत होत्या. एवढ्यात दादाने दार ढकललं.

"अगं, पाहुणे आलेत. ते ठेव बाजूला आणि चहा टाक."

माइक बंद करायला तिचं बोट बटणावर आलं. दाबू नकोस, मी मनात ओरडलो. बोट मागे गेलं.

"दादा, मी कामावर आहे. चहा तू टाक. आणि जाताना दार लावून घे."

दादा आल्या पावली मागे फिरला. मग दार लागलं.

"असं रोज होतं?" बाईंनी विचारलं.

"रोज."

"तरी काम होतं?"

"माझ्या कंपनीला विचारा."

त्यांनी विचारलं. व्हिसा मिळाला.

आता माझा डावा कान गेलाय, उजव्यात खरखर आहे. तिने नवा हेडफोन आणला आणि मला टेबलाच्या खणात ठेवलं. माझी कीव करू नका. भावाच्या घरी तिचं म्हणावं असं एक कपाटही नव्हतं. हा खण तिचा आहे, या नव्या देशातली ही खोली तिची आहे. मला भंगारात काढायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी तिला विचारा. ती कामात असेल. तुम्हाला थांबावं लागेल.