घरात आणखी कोण राहतं?

आईला पुरून सात आठवडे झाले आणि नोरीन हुडाकच्या टपालपेटीत सरकारी लिफाफा आला. पहिल्या ओळीत सरकार तिच्या दुःखात सहभागी होतं. दुसऱ्या ओळीत त्यानं घर मागितलं होतं.

आईकडे दोन कार्डं होती. मेडिकेअरचं, म्हातारपणाचं, ती पर्सच्या दर्शनी खणात ठेवायची. "कपबशांच्या कारखान्यात चाळीस वर्षं पगारातून कापून घेतलंय मेल्यांनी. भीक नाही ही!" तिचा मोडलेला खुबा त्याच कार्डानं बसवला, शुश्रूषागृहातले पहिले शंभर दिवसही कसेबसे निभावले. पण अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे त्या कार्डाच्या लेखी आजारपण नव्हतंच. पुढची दीड वर्षं दुसऱ्या कार्डानं, गरिबांच्या मेडिकेडनं, भरली. ते आई सुपरमार्केटच्या कुपनांमागे दडवायची. एका कार्डासाठी म्हातारं व्हावं लागतं, दुसऱ्यासाठी कंगाल. आणि कंगालावर केलेला खर्च तो मेल्यावर त्याच्या घरातून वसूल होतो.

नोरीननं फोन लावला. पलीकडची बाई मवाळ होती.

"मॅडम, आई शुश्रूषागृहात जाण्याआधी मुलीनं दोन वर्षं घरात राहून सांभाळ केला असेल, तर घर सोडतो आम्ही."

"तीन वर्षं. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर."

कळफलक खडखडला, थांबला. "मेडिकेडच्या अर्जात तर लिहिलंय, घरात आणखी कोणी नाही."

अर्ज नोरीननंच भरला होता, शुश्रूषागृहात आईच्या खाटेवरच्या जेवणाच्या ट्रेवर ठेवून.

"लिही, कोणी नाही."

"आई, मग मी कोण?"

"तुझा पगार धरतील आणि मला हाकलतील इथून. जास्त शहाणपणा करू नकोस. आण इकडे, सही करते."

"माझा पगार मोजाल, असं वाटलं आम्हाला," नोरीन फोनवर म्हणाली.

"मुलीचा पगार कधीच मोजत नाहीत, मॅडम."

शेजारची ओपल हे ऐकून उसळलीच. "अगं, मी शपथेवर लिहून देते ना! तीन वर्षं तुमच्या चादरी वाळताना बघितल्यात मी."

दुसऱ्या दिवशी नोरीननं फोनवर त्या बाईला ते सांगितलं.

"चालेल. पण मग तुम्हालाही लिहून द्यावं लागेल, की आईंनी सही करून खोटी माहिती दिली."

ओपल शेजारीच उभी होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "दे की लिहून! मेलेल्या बाईला काय तुरुंगात टाकणारेत?"

टेबलावर आईची पर्स तशीच होती. दर्शनी खणातून कार्डाची कड दिसत होती.

"मॅडम? आहात ना?"

"आहे," नोरीन म्हणाली. "अर्जात लिहिलंय ते बरोबर आहे. एकटीच राहायची ती."