उशिरा येणारा हात

रेणूच्या प्रकल्पाचा विषय टिकणार की बुडणार, ते रविवारी तिच्या आज्याच्या पडवीत ठरायचं होतं. ती गोंदियाला इंजिनीअरिंग शिकत होती. तिच्या यंत्राचा चष्मा चढवला की समोर आपलाच हात दिसे, पण मुद्दाम जरा उशिरा. खरा हात आधी हले, चित्रातला मागून. चित्रात एक लाल टिकली असे, तिच्यावर हात नेऊन थांबवायचा. या उशिराची हाताला सवय लागते, हे तिला दाखवायचं होतं. सोमवारपर्यंत दाखव, नाहीतर विषय बदल, असं सर म्हणाले होते. अकरा मित्रमैत्रिणी बसवून झाल्या. सगळ्यांचा हात टिकलीच्या पुढं जाई, घाईनं मागं येई, आणि शेवटी ते चिडून चष्मा काढत.

तिचा आजा पुनाराम गावतलावाचा पाणकर. शेताशेताला पाणी सोडायचं काम त्याचं. चष्मा लावून तो नवरदेवासारखा ताठ बसला. दोन खेपा त्याचाही हात टिकली ओलांडून गेला. मग त्यानं विचारलं, "हा हात मांगून येऊन राहिला का?"

"हो आबाजी. मीच तसं केलं."

"मंग आधी सांगाचं ना. हे तं पाण्यावानी हाय."

तलावाचं दार लावलं तरी पाटातलं पाणी चालतच राहतं. भाताची बांधी काठोकाठ भरायची वाट पाहणारा पाणकर तिचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, फोडून ठेवतो. पुनाराम चाळीस वर्षं बांधी भरायच्या आधीच दार लावत आला होता. आताही चित्रातला हात टिकलीच्या चार बोटं अलीकडं दिसताच त्यानं आपला हात थांबवला. चित्रातला हात मागून आला आणि टिकलीवर बसला. वीस खेपा तसंच झालं.

रेणूनं न सांगता उशीर काढून टाकला.

पुनारामानं हात नेला, चार बोटं अलीकडं थांबवला आणि वाट पाहिली. हात काही पुढं येईना.

"काऊन अडला हा?"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही हात अलीकडंच. रेणू तर पडवीत नाचायलाच लागली.

"मी चुकून राहिलो अन् तू नाचतेस?"

तुमच्या हाताला उशिराची इतकी सवय लागली की उशीर गेला तरी ती जाईना, हेच मला हवं होतं, असं तिनं सांगितलं. दारातून पुनारामाची बायको शांतीबाई म्हणाली, "माह्या भावाच्या बांधीतबी यायचं पाणी असंच अर्ध्यात अडे."

पुनारामानं चष्मा काढून नातीच्या हातात दिला.

"आता हिले लाव. अन् उशीर चांगला दुप्पट ठेव."

शांतीबाई लुगड्याला हात पुसत येऊन बसलीसुद्धा.