सात शिक्क्यांचा पूल

मी एक पूल आहे. पण मित्रांनो, माझ्याखालून कधी पाणी वाहिले नाही आणि माझ्यावरून कोणी पलीकडे गेले नाही.

मी नुसता नमुना, चार हात लांब. जपानमधल्या नागोयातल्या एका कंपनीत विश्वजित नावाच्या पुण्याच्या इंजिनियरने मला लाकूड, प्लास्टिक आणि तारांनी घडवले. आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणींच्या एका देशात, रुंद नदीवर, माझ्यासारखा खरा पूल व्हायचा होता. ते काम मिळाले तरच विश्वजितचे कंत्राट वाढणार होते. नाहीतर मार्चअखेर बिऱ्हाड आवरायचे. व्रत धरावे तसा तो नेमाने माझ्यापाशी बसे.

त्याच्या सात वर्षांच्या नंदिनीने आईकडून कणीक मागून घेतली आणि डोक्यावर गाठोडे घेतलेली एक बाई केली. ती वाळल्यावर विश्वजितने तिला माझ्या अलीकडच्या काठावर उभे केले. नंदिनी रोज संध्याकाळी फोनवर विचारी, "बाबा, मो वातात्ता?" जपानीत म्हणजे, ती गेली का पलीकडे?

"पूल होऊ दे, मग जाईल हं," विश्वजित म्हणे.

एक दिवस त्या देशाचे अधिकारी मुलेंगा आले. मला पाहून त्यांचे डोळे चमकले. माझी स्तुती झाली, फोटो निघाले. मग त्यांनी हळूच विचारले, "आमच्या बायका अजून होडीनेच नदी ओलांडतात. काम कधी सुरू कराल?"

विश्वजितला उत्तर ठाऊक होते. तिकडचा पावसाळा संपला की लगेच. पण इथली रीत अशी की सात साहेबांचे शिक्के उमटल्याशिवाय तारीख तोंडातून काढायची नाही. त्याने आपल्या वरिष्ठांकडे, मोरिता साहेबांकडे पाहिले. साहेब हसून वाकले. विश्वजितही वाकला.

"तुम्ही वाकता फार छान," मुलेंगा म्हणाले. "चिनी लोकांनी मात्र तारीख सांगितली आहे."

मंजुरीचा कागद शिक्क्यांसाठी फिरू लागला. एक साहेब रजेवर गेले. दुसऱ्यांना माझ्या कठड्याचा निळा रंग गडद वाटला, म्हणून मला पुन्हा रंगवले. चाळिसाव्या दिवशी सातवा शिक्का पडला आणि त्याच दिवशी मुलेंगांचे पत्र आले. चिनी कंपनीची यंत्रे नदीवर पोहोचली होती. पूल ते बांधणार, बदल्यात खाणी घेणार. "सौदा महाग आहे, हे आम्हांला कळते," त्यांनी लिहिले होते. "पण गेल्या आठवड्यात होडी उलटली. नऊ बायका होत्या."

नंतर मोरिता साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "विश्वजित-सान, पाहुण्यांसमोर तुमचा चेहरा गोंधळलेला दिसला." एवढ्यावर दोष ठरला. मार्चअखेर त्याला फुलांचा गुच्छ दिला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि शेवटचे काम सांगितले, मला मोडायचे. कचरा वेगवेगळा करून.

"मोडायलाही सात शिक्के लागतील का हो?" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मोरिता साहेबही.

त्याने माझ्या तारा एका पिशवीत घातल्या, प्लास्टिक दुसरीत, लाकूड जळणाऱ्या कचऱ्यात. कणकेची बाई हातात धरून तो थबकला. शेजारच्याने भिंतीवरचा तक्ता पाहून सांगितले, "जळणारा." विश्वजितने तिला माझ्या तुकड्यांवर ठेवले आणि पिशवीचे तोंड बांधले.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मो वातात्ता?"

"हो बाळा," तो म्हणाला. "गेली पलीकडे."

मित्रांनो, आता आम्ही दोघे पिशवीत गाडीची वाट पाहत आहोत. माझे उद्यापन असेच व्हायचे होते. मला नीट जपले असते तर बरे झाले असते, असे मी म्हणणार नाही. मला फार जपले, हेच तर झाले. तुमच्या दारी कोणी "कधी?" म्हणून विचारले, तर त्याला उत्तर द्या. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणा. पण काठावर उभ्या माणसाला ताटकळत ठेवून कठडे रंगवत बसू नका. नदी थांबत नाही हो.